तिखटमीठ न लावता

माह्या भावाचा संसार वर्ध्याच्या मॅडमनं जोडला, असं सारं कारंजा म्हणते. म्हणू द्या. पण तो संसार तेरा वर्षं कोणाच्या पायावर उभा होता, हे कोणी विचारत नाई. मी मधात होती म्हणून दोघं एका छपराखाली दोन टाईम जेवले, नाई त कवाचेच दोन दिशेले गेले असते. आता मॅडम देव अन् धुरपता वाईट. कानामागून आली अन् तिखट झाली, दुसरं काय!

पयले घरचं सांगतो. आमी इकडे बाया बी 'सांगतो'च म्हणतो. मॅडम पुण्याकडची, तिले पयल्या दिवशी ते ऐकून हसू आलतं. तर मी धुरपता, रूपरावची मोठी बहीण. विसाव्या वर्षी सासरहून परत आली ते आलीच. नवऱ्यानं दुसरी आणली, मले लेकरू नव्हतं, मंग कोणत्या तोंडानं भांडू? माय-बाप गेले तवापासून रूपराव अन् मी. हायवेवर आमचं दुकान हाय, दोर अन् ताडपत्रीचं, सारे ट्रकवाले आमचे गिऱ्हाईक. तो दुकान पाहे, मी घर. माह्या नावानं ना एक खोली ना एक गुंठा. भावाच्या घरात माह्यं काम हाय, म्हणून मी हाय, एवढं मले पयल्यापासून समजत होतं.

मंग जया आली. पुलगावकडच्या भाजीपाला लावणाऱ्याईची पोरगी, हसरी, कामाले वाघीण. मेथीची जुडी अशी बांधे का मार्केटवाल्यानं पाहत राहावं. रूपराव दुपारी एक वाजता शटर खाली ओढून घरी ये, जेवे, अन् मंग दोघं आतल्या खोलीत. मी बाहेर तांदूळ निवडत बसो, अन् आतून हसू ये. एवढं काय हसते ते मले कधी कळलं नाई. माह्या पोटात आग पडे. आता या वयात खोटं काऊन बोलू?

मयुरी झाली, आठ वर्षाची झाली, तरी ते हसू काही थांबलं नाई. अन् मंग एक्याण्णव साली तो दिवस आला.

दुकानात तवा नवानवा फोन लागलता. माल येणार होता म्हणून त्या दिवशी मी रूपरावचा डबा दुकानात घेऊन गेलती. ताडपत्र्याचा ट्रक दारात उभा, हमाल माल उतरवून राह्यले होते, अन् पुलगावहून फोन आला, जयाच्या बापाची तब्येत लय बिघडली म्हणून. रूपराव मले म्हणे, "बाई, घरी जाय अन् तिले सांग. घाबरू नको म्हणा. हा माल उतरला का मी दुकान बंद करतो, दोनच्या गाडीनं सोबत जाऊ."

दुकान ते घर, दहा मिनिटाचा रस्ता. त्या दहा मिनिटांत माह्या डोक्यात काय शिरलं, ते मी आजवर शोधून राह्यली. मनात आलं, हे दोघं आता एस्टीत बाजूबाजूनं बसतीन, तो तिचे डोळे पुसन, अन् मी इथं भांडे घासत राहीन. भांडू दे ना एक दिवस. लोकाईच्या घरी भांडणं होत नाई का? घरोघरी मातीच्याच चुली. मी घरात शिरली अन् जयाले म्हणलं, "तुह्या बापाची तब्येत बिघडली. तो म्हणते, मले दुकान हाय, तुले जायचं असन त जाय."

तिनं पिशवीत दोन लुगडे कोंबले, पोरीचा हात धरला अन् मिळन त्या गाडीनं गेली. दीडले रूपराव हातपाय धुवाले घरी आला. म्हणे, जया कुठं हाय? एक खोटं बोललं का त्याच्या पाठीमागं दुसरं आपोआप येते. मी म्हणलं, "गेली. म्हणे, माह्या बापाकडे जाले मले कोणाची गरज नाई."

बुढा दुसऱ्या दिवशी सकाळी मेला. रूपराव मौतीले गेला नाई. "गरज नाई म्हणते त कायले जाऊ?" तेरवीले गेला, मांडवात परक्यावाणी बसला, जेवला अन् परत आला. महिन्यानं जया आली ते तोंड बंद करूनच.

ती आल्यावर मी पंधरा दिवस भीत होती. दोघांपैकी एकानं जरी दुसऱ्याले विचारलं असतं का बापा, तू असं काऊन म्हणलं, त दोन मिनिटांत सारं उघडं पडलं असतं अन् मी रस्त्यावर आली असती. पण कोणी विचारलं नाई. तो समोरच्या खोलीत झोपाले लागला, ती पोरीले घेऊन आतल्या. दोघाईच्या मधात एक भिंत, अन् त्या भिंतीच्या दारात मी.

"बाई, तिले सांग, उद्या नागपूरले जातो, डबा नको."

"बाई, त्याईले सांगा, मयुरीच्या शाळेची फी भराची हाय."

तेरा वर्षं हेच. दोघं भिंतीच्या दोन बाजूले चार हातांवर असत, तरी निरोप माह्या मार्फत जाये. मी कवा तिखटमीठ लावो, कवा गोड बी करो. रूपराव एकदा रागानं म्हणे, "तिले म्हणा, मायेरी जाऊन बस कायमची." ते मी नाई सांगतलं. ती खरंच गेली असती त घर कोण चालवन? जास्त तुटलं त माह्यं नुकसान, जुळलं तरी माह्यं नुकसान. म्हणून मी मोजून सांगो. पोरीले ताप आला त म्हणो, तो रात्रभर काळजी करून राह्यलता. चार दिवसानं पाहिलं का ती त्याच्या ताटात जास्तीची पोळी वाढून राह्यली, त एखादी गोष्ट अशी सांगो का पोळी परत कमी होये. दोघाईले मी लागत होती. सकाळपासून रात्रीपर्यंत बाई, बाई, बाई. एवढी किंमत मले ना सासरी मिळाली ना मायेरी.

दोन हजार चारची गोष्ट. मयुरी एकवीसची झाली, वर्ध्याले होस्टेलवर राहून समाजकार्याच्या कॉलेजात शिके. तिले पाहाले आर्वीचे पाहुणे आले. सारं ठीक चाललतं. पोहे झाले, पोराच्या बापानं विचारलं, चहा मिळन का? जया तिथंच दारात उभी, रूपरावपासून दोन हातांवर. अन् रूपराव सवयीनं मले म्हणे, "बाई, तिले सांग, चहा टाक." मी जयाकडे वळून म्हणलं, चहा टाक. जया मले म्हणे, "त्याईले विचारा, किती कप?" पाहुणे एकमेकाईच्या तोंडाकडे पाहाले लागले. आठ दिवसानं त्याईचा नकार आला.

मयुरी रडली नाई, भडकली. म्हणे, "मी जिथं प्रॅक्टिकलले जातो ना, तिथं नवरा-बायकोच्या भांडणासाठी सल्ला केंद्र हाय. तुमी दोघं तिथं जा. नाई गेले त मी या घरी पाय ठेवत नाई." मी म्हणलं, घरची धुणी वर्ध्याले नेऊन धुता का, लोक काय म्हणतीन? ती मले म्हणे, "आत्या, तू चूप राह्य." अशी कधी बोलली नव्हती मले.

पोरीपुढं दोघं बी नमले. एस्टीनं दोन घंटे. तिघाईच्या सीटवर खिडकीशी जया, इकडे रूपराव, अन् मधात मी. मले कोणी 'चाल' म्हणलं नव्हतं, पण माह्याबिगर दोघं तिकीट कसं काढतीन, हा बी प्रश्नच होता.

बायाईच्या संस्थेची ते जागा. एक खोली, चार खुर्च्या, दाराले पडदा. मॅडमचं नाव रीता, चाळिशीची बाई, सुती साडी, मऊ आवाज. पयल्यांदा तिले मी सासूच वाटली. मंग म्हणे, "आपण एक साधी गोष्ट करू. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं तेच परत म्हणायचं. त्यात आपलं काही टाकायचं नाही, त्यातलं काही काढायचं नाही. समोरच्याला विचारायचं, बरोबर ऐकलं का मी?"

मले हसूच आलं. याचे पैसे भेटते का बापा हिले? हे त मी तेरा वर्षं फुकटात करून राह्यली!

पण दोघं बोलाले तयार नाई. जया जमिनीकडे पाहे, रूपराव पंख्याकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाई; दोराचा धंदा करून करून तो माणूस बी तसाच झालता. दुसऱ्या खेपेले बी तेच. तिसऱ्या खेपेले मॅडम मले म्हणे, "धुरपताबाई, घरी निरोप तुम्ही सांगता ना? मग आज इथेही तुम्हीच सांगा. मला पाहायचंय कसं होतं ते."

माही छाती फुगली. म्हणलं, या कामात माहा हात कोण धरन? मी खुर्ची पुढं ओढली.

रूपराव जरा घुटमळला. मंग माह्याकडे पाहून म्हणे, "तिले सांग, अंघोळीचं पाणी जराक जास्त गरम ठेवत जाय. माहे गुडघे दुखते आजकाल."

मी जयाकडे वळली अन् म्हणलं, "तो म्हणते, या घरात अंघोळीले धड गरम पाणी बी भेटत नाई."

 मले काहीच वेगळं वाटलं नाई, आईची शपथ. मी सांगून मोकळी झाली होती अन् जयाच्या उत्तराची वाट पाहत होती. तवा दिसलं का मॅडमच्या हातातला पेन थांबला हाय अन् रूपराव माह्याकडे पाहून राह्यला हाय.

"बाई," तो म्हणे, "मी असं कवा म्हणलं?"

"तेच त म्हणलं ना तू!"

"मी गुडघ्याचं म्हणलं."

आता सांगतो, चहापाण्याचे दोन शब्द सोडले त तेरा वर्षं मी एका खोलीत ऐको अन् दुसऱ्या खोलीत सांगो. ऐकणारा अन् बोलणारा एका जागी कधी बसलेच नाई. जिभेले जे वळण पडलं ते पडलं. त्या खोलीत बोलणारा एका हातावर बसला हाय, हे माही जीभ विसरूनच गेली.

जयानं मान वर केली. अन् तेरा वर्षांत पयल्यांदा, मले नाई, त्याले म्हणे, "गुडघे कवापासून दुखते तुमचे?"

"दोन वर्षं झाले."

"मले कोणी सांगतलं नाई."

"मी दहादा सांगून पाठवलं."

मंग ती थांबली. माह्याकडे पाहिलं, परत त्याच्याकडे पाहिलं. त्याले म्हणे, "माह्या बाबाच्या टायमाले तुमी काय सांगून पाठवलं होतं?"

मी उठली. म्हणलं, मले पाणी पाहिजे. मॅडम म्हणे, "बसा." मऊ आवाजाची बाई, पण असं म्हणली का मी बसली.

रूपराव म्हणे, "घाबरू नको म्हणलं होतं. दुकान बंद करतो, दोनच्या गाडीनं सोबत जाऊ म्हणलं होतं. मी दीडले आलो त तू गेलती. म्हणे, तुले कोणाची गरज नाई."

"मी असं काहीच नाई म्हणलं."

त्याच्यानंतर जया रडली ते मी सांगू शकत नाई. बाप मेला तवा बी तशी रडली नसन. तिचा बाप रात्रभर विचारत होता म्हणे, जावई नाई आले का, जावई नाई आले का. अन् ती त्याले खोटं सांगत होती, येऊन राह्यले बाबा, गाडी लेट हाय. रूपराव हात जोडून बसला होता, कोणाले जोडले होते कोणाले मालूम. मॅडमनं मले बाहेरच्या बाकावर बसवलं.

घरी परत येताना गाडीत दोघाईच्या सीटवर ते दोघं बसले. मले मागं एका कोंबडीवाल्याच्या बाजूले जागा भेटली. दोन घंटे त्याईची डोकी पुढं हलत होती. काय बोलत होते, एक शब्द ऐकू आला नाई.

मयुरीले कळलं तवा ती माह्यापुढं येऊन उभी राह्यली. मले वाटलं, ओरडन. ती हळूच म्हणे, "आत्या, त्या दिवशी पुलगावच्या एस्टीत आई रडून राह्यली होती अन् मी तिले घडीघडी विचारत होती, बाबा काऊन नाई आले, बाबा काऊन नाई आले. तेवढं फक्त सांगून ठेवतो." अन् गेली.

पुढं दोन महिने दर शुक्रवारी वर्धा. मी बी जाओ. मले घरी ठेवाले त्याईले बी कसंतरी वाटे, अन् मले त राहवतच नव्हतं. मी बाकावर, ते आत, मधात पडदा. सारं ऐकू ये. अन् एका शुक्रवारी जे ऐकलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाई, कारण त्या दिवशी कोणीतरी खरं बोललं.

जया म्हणे, "बाईनं खोटं सांगतलं, ते खरं. पण तुमी एका भिंतीपलीकडे होते. तेरा वर्षांत एकदा बी भिंत ओलांडून विचारलं नाई."

मॅडम म्हणे, "रूपराव, आता तुम्ही तेच परत म्हणा."

 मंग माहा भाऊ घोगऱ्या आवाजानं म्हणे, "मी भिंतीपलीकडे होतो. तेरा वर्षांत मी विचारलं नाई." थांबला. मंग म्हणे, "तू बी नाई विचारलं."

"मी बी नाई विचारलं," जया म्हणे. "राग धरून बसणं मले सोपं गेलं."

मी बाकावर बसल्या बसल्या म्हणलं, ऐका! ऐका म्हणा सारे! एका हातानं टाळी वाजते का? मी एक दिवसाचं भांडण लावलं होतं, बाकीचे तेरा वर्षं तुमचे तुमी चालवले. मॅडम बी तेच म्हणाली, साऱ्या गोष्टीचा दोष एका माणसावर टाकू नका. माहा जीव असा हलका झाला का काय सांगू. मले वाटलं, वाचली मी. समजून घेऊन राह्यले त मले बी समजून घेतीन.

पण वर्ध्याची गोष्ट वर्ध्यालेच राह्यली. घरी तेरा वर्षांचं ओझं कोण डोक्यावर घेऊन फिरन? त्याईनं ते एकमेकाच्या डोक्यावरून उतरवलं अन् माह्या डोक्यावर ठेवलं, तवा कुठं ते दोघं नीट चालाले लागले. शिवी नाई, भांडण नाई. शिवी देल्ली असती त बरं झालं असतं, मी बी दोन देल्ल्या असत्या. जया स्वयंपाकघरातून सरळ आवाज दे, "अवो, जेवाले येता का?" अन् तो ये. मी मधात ताट धरून उभी, ते माह्या दोहीकडून बोलत. महिनाभरात मले दोघांपैकी कोणी एक निरोप सांगतला नाई. त्याच्या गुडघ्याले ती सकाळी तेल लावून दे. आतल्या खोलीतून हसू मात्र आलं नाई, ते तेवढं गेलंच. ती पस्तीसची होती, आता अठ्ठेचाळीसची. मॅडम काय ते वर्षं थोडीच परत देणार हाय.

दिवाळी झाली अन् एक दिवस दुपारी दोघं माह्यापुढं येऊन बसले. सोबत, एकाच चटईवर. मी तूर निवडून राह्यली होती. रूपरावच्या हातात दुकानामागच्या गोडाऊनच्या खोलीची चावी होती. तिथं ताडपत्र्या ठेवतो आमी, उन्हाळ्यात त्याचा वास असा चढते का डोकं धरते.

"बाई," रूपराव म्हणे, "आमी असा विचार करून राह्यलो का... तुले बी जरा मोकळं... गोडाऊनची खोली साफ करून घेतली. लाईट हाय. डबा दोन टाईम येईन."

माहे हात थांबले. साठीले आली मी. चाळीस वर्षं या चुलीपुढं काढली.

"आमी म्हणजे कोण?" मी म्हणलं. "तू का ती?"

"जयाचं असं म्हणणं हाय का..."

"तिचं म्हणणं तू कायले सांगतं? तिले तोंड नाई का? बोलू दे तिले. मधात नको पडू तू."

आता हे कोण म्हणून राह्यलं, त मी. पण तवा तेवढं सुचलं नाई. मले वाटलं, ही कशी बोलन? तीन वर्षाची मयुरी माह्या मांडीवर झोपे. हिच्या बाळंतपणात मी सव्वा महिना रात्रीचा दिवस केला. डोळ्यात पाहून नाई म्हणू शकणार.

जयानं माह्या डोळ्यात पाहिलं. राग नव्हता बापा, राग असता त मी तोच धरून बसली असती. शांत होती. म्हणे, "बाई, मले तुमी या घरात नको."

चूल, भिंत, दार, सारं होतं तिथंच होतं. मले ऐकू आलं होतं, चांगलं साफ ऐकू आलं होतं. तरी मी माह्या भावाकडे वळली. लहानपणी मी याले कडेवर घेऊन फिरली. म्हणलं, हा काहीतरी बदलन. गोड करन जराक. म्हणन, तसं नाई बाई, ती म्हणते थोडे दिवस जाय, ती म्हणते मयुरीच्या लग्नापर्यंत, ती म्हणते काही बी. मी तेरा वर्षं एवढ्या गोष्टी बदलल्या, यानं एक बदलली असती त कोणाचं काय जात होतं?

"काय म्हणते रे ती?" मी म्हणलं. "मले नाई समजलं. तू सांग."

रूपरावनं तिच्याकडे पाहिलं, मंग माह्याकडे. डोळे भरून आलते त्याचे. अन् मॅडमनं शिकवलं तसं, एक शब्द न टाकता, एक शब्द न काढता म्हणे,

"ती म्हणते, बाई, मले तुमी या घरात नको."